आत दाद देऊ नये

ध्वनिमुद्रण म्हणजे आवाज पकडणं, अशी लोकांची समजूत असते. ज्याचं आयुष्य या धंद्यात गेलंय तो सांगेल, की निम्म्याहून जास्त काम आवाज बंद करण्याचं असतं. पंखा बंद करा, मोबाइल बंद करा, बांगड्या काढून ठेवा, खिशातली चिल्लर बाहेर काढा, कुरकुरणारी खुर्ची बदला, आणि देवाशपथ, गप्प बसा. गोव्यात डिचोलीहून साखळीकडे जाताना, कारापूरच्या थोडं अलीकडे माझा स्टुडिओ होता. माणसांना गप्प बसवता बसवता तिथंच माझे केस पांढरे झाले.

स्टुडिओ म्हणजे मूळचं वडिलांचं काजूच्या बियांचं गुदाम. भिंतींना आतून काथ्या, त्यावर गोणपाट, त्यावर आईच्या जुन्या गोधड्या. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, इथं कुणीतरी बाळंतीण आहे. खाणी जोरात चालू होत्या तेव्हा दारावरून खनिजाचे ट्रक एकामागून एक जायचे आणि एवढ्या गोधड्या असूनही माइक थरथरायचा. त्या काळात आम्ही रविवारी काम करायचो. पुढे खाणी बंद पडल्या. तालुक्यातल्या घराघरांत चिंता शिरली आणि माझ्या स्टुडिओत तेवढी शांतता आली. याचा आनंद मानायची लाज वाटायची, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

गिऱ्हाइकं सगळी गावचीच. भजनी मंडळं, दशावतारी, जत्रेच्या जाहिराती, निवडणुकीच्या गाड्यांवरची गाणी. एक उमेदवार भाषण रेकॉर्ड करायला येताना टाळ्या वाजवणारी माणसं सोबत घेऊन आला होता. ती माणसं इतकी इमानी, की साहेब खोकले तरी टाळ्या पडायच्या. मये गावच्या बायका फुगडीची गाणी घेऊन आल्या. उभं राहून गा म्हटलं तर एकीलाही दुसरी ओळ आठवेना. शेवटी माइक उंच टांगला, सतरंजी गुंडाळली आणि म्हटलं, घाला फुगडी. त्यांना मग अशी गाणी आठवत गेली की माझी टेप संपली.

पण मला सगळ्यात जास्त छळलं ते दादेनं. आमच्याकडे भजनाला बसलेला माणूस मुका राहूच शकत नाही. गायकाची जागा चांगली पडली की समोरून ‘व्वा’ जातेच. देवळात ते शोभतं. स्टुडिओत मात्र अख्खा टेक फुकट जातो. टेक म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा गायलेलं गाणं. टेपच्या जमान्यात मी ही दाद ब्लेडनं कापून काढायचो आणि संध्याकाळी खोली झाडताना तिचे तुकडे केरात निघायचे. अखेर कंटाळून ट्रक रंगवणाऱ्या एका पेंटरकडून बोर्ड करून घेतला, ‘आत दाद देऊ नये’. त्यानं सवयीनं चारी बाजूंनी गुलाब काढले आणि खाली ‘धन्यवाद’ लिहिलं.

या गुन्ह्यातले सराईत म्हणजे पेडण्यातल्या पार्से गावचे वासुदेवबुवा. भजन उत्तम, आणि ऑर्गन त्याहून उत्तम. ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकांतला पायानं भाता मारून वाजवायचा. गोव्यात तो अजून टिकून आहे. बुवांचा ऑर्गन माझ्याच स्टुडिओत असायचा, कारण त्यांच्या घरी सून त्यावर कपड्यांच्या घड्या ठेवायची. दुसऱ्याला साथ करताना बुवा हमखास ‘व्वा’ म्हणायचे. मी म्हटलं, बुवा, दारावर काय लिहिलंय ते वाचलंत का? तर म्हणाले, “तां भायर लिवलांसा. भितर खंय लिवलांसा?”

तर अशा ठिकाणी एका श्रावणात शाबी आला.

शाबी हरमलचा. मी शाळेत असताना हरमलच्या किनाऱ्यावर हिप्पी उतरायचे. शाबीच्या वडिलांचं तिथं चहाचं दुकान होतं. त्यातल्याच कुणीतरी जाताना आपली गिटार शाबीला देऊन टाकली आणि वडिलांचा चहा नासला तो कायमचा. मुलगा मुंबईला गेला, रॉक बँडमध्ये शिरला, लांब केस, लांब कॉलर. हिप्प्यांनी त्याचं नाव शॅबी करून टाकलं होतं, तेच पोस्टरवर छापून आलं. एके काळी मुंबई-पुण्याची कॉलेजं त्याच्या गाण्यांवर नाचली. आमच्या भागात मात्र विचारलं तर ‘तो चायवाल्याचो झील, इंग्लिश बोंबलता तो’ एवढीच त्याची ओळख.

तो आला तेव्हा सत्तरीला टेकला होता. केस तेवढेच लांब, पण संख्येनं मोजके. बरोबर त्याची मुलगी रोहिणी. तिनं मला बाहेर व्हरांड्यात गाठून सगळं सरळ सांगितलं.

“काका, बाबांच्या स्वरतंतूवर गाठ आहे. गणपतीची चवथ झाली की ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात जीवाला धोका नाही, पण आवाज किती राहील ते सांगता येत नाही. कदाचित राहणारच नाही. मी म्हणत होते आत्ताच करून टाकू. पण बाबा ऐकत नाहीत. बारा वर्षांत एक गाणं रेकॉर्ड केलं नाही, आणि आता अख्खा आल्बम करायचाय.”

“मुंबईत का नाही केलात?”

“तिथं सगळे त्यांना ओळखतात. आवाज फाटला तर चार लोकांना कळेल, असं वाटतं त्यांना. तुम्हाला इंग्लिश गाण्यातलं काही कळत नाही, असं कुणीतरी सांगितलं.”

शिफारस खरी होती, म्हणून मी काम घेतलं.

पहिल्या दिवशी मुंबईहून आलेल्या त्याच्या जुन्या जोडीदारानं ड्रम वाजवले. मग बासची गिटार शाबीनं स्वतः धरायची आणि त्याच्यावर आवाज चढवायचा, असा बेत होता. रॉकवाले गाणं थरांनी रचतात. एकेक वाद्य वेगळं घेतात आणि शेवटी एकत्र मिसळतात. कुणी चुकला तर तेवढाच थर पुन्हा. आम्ही भजनवाले सगळे एकदम बसतो आणि एक चुकला की सगळे उठतो.

बेत ठीक होता, पण शाबीचा आवाज वर जाईना. दर वेळी त्याच उंचीला येऊन चरकायचा. तो थांबायचा, पाणी प्यायचा, हसायचा आणि “वन्स मोर” म्हणायचा. ड्रमवाला छताकडे बघत होता. मी बटणांकडे बघत होतो. खोलीत सगळ्यांना कळलेलं होतं.

वासुदेवबुवा त्या दिवशी फक्त ऑर्गनला तेल द्यायला आले होते. कोपऱ्यातून त्यांनी विचारलं, “ह्यो कोण? हरमलच्या चायवाल्याचो मां?”

“होय, बुवा.”

“रे शाबी, तू पांढरी तीनात गातंस. ती तुका आतां झेपणा नाय. काळी एक घे.”

वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे गायकाची पट्टी पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवरून ओळखतात. पांढरी तीन वरून काळी एक म्हणजे चांगलंच खाली यायचं. आमच्या भजनवाल्यांना त्याचं काही वाटत नाही. वय झालं की आपण चष्मा लावतो, तशी पट्टी उतरते. पण शाबीचा चेहरा असा झाला, जणू बुवांनी त्याला काठी घ्यायला सांगितली.

“मी जल्मभर ह्याच पट्टीत गायलंय, बुवा.”

“मी काळी पाचात गाय होतंय. आतां काळी दोनात गातंय. कोण उठान गेलो नाय.” बुवांनी थोडा विचार केला. “एक गेलो. तो तमाखू थुंकूंक.”

ड्रमवाल्याला मराठी येत नव्हतं, पण आम्ही हसलो म्हणून तोही हसला. शाबी हसला नाही. तो गिटार घेऊन व्हरांड्यात गेला. बऱ्याच वेळानं आत आला तेव्हा गिटारीच्या सगळ्या तारा त्यानं सैल करून आणल्या होत्या. त्या इतक्या ढिल्या झाल्या की वाजवताना पडद्यांवर आपटून भुणभुणायला लागल्या. रोहिणी त्याच पावली पणजीला गेली आणि जाड तारा घेऊन आली. जाड तारांवर गिटारीचा आवाज असा काही भरला, की शाबीनं एकच सूर पाच-सहा वेळा छेडला आणि कान लावून ऐकत बसला. मग म्हणाला, “बुवा, तुमचो ऑर्गनय होयो माका.”

आता बुवांचा ऑर्गन म्हणजे खानदानी म्हातारा. त्याची काळी एक जगाच्या काळी एकपेक्षा किंचित चढी. ऑर्गनचे सूर काही पिळून उतरवता येत नाहीत. त्यामुळे शाबीच्या गिटारी ऑर्गनला लावल्या. ड्रमला पट्टी नसते म्हणून तेवढे सुटले. असा तो आल्बम पार्शाच्या ऑर्गनला मिळवलेला आहे. कुणी त्याच्याबरोबर वाजवून बघायला गेलं तर त्याला आपलंच वाद्य बिघडल्यासारखं वाटतं.

काम सुरू झालं. शाबी सकाळी ताजा असायचा, दुपारनंतर आवाज बसायचा. म्हणून गाणं सकाळी आणि बाकीचं दुपारी. पावसाची सर आली की काम बंद आणि चहा. बुवांना गाण्यातला शब्द कळत नव्हता. ते शाबीच्या तोंडाकडे बघून वाजवायचे, नाटकात नटाकडे बघून वाजवत तसे. दोघांचं मस्त जुळलं. बुवा त्याला हरमलच्या जुन्या माणसांच्या भानगडी सांगायचे, शाबी त्यांना मुंबईच्या हॉटेलांतल्या. रोहिणी मात्र प्रत्येक खोकल्याला दाराच्या काचेतून आत बघायची.

बाजारात गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीची फळं दिसायला लागली आणि एकच गाणं उरलं. ते शाबीनं मुद्दाम मागे ठेवलं होतं. त्यात ड्रम नाही, बास नाही. नुसती गिटार, ऑर्गन आणि आवाज. गाणं आईवर होतं, एवढं त्यानं मला सांगितलं. बुवांना तेवढंही सांगितलं नाही. आणि ते त्याला थरांनी करायचं नव्हतं. समोर बुवा बसलेले पाहिजेत, दोघांनी एकदमच वाजवायचं. मी सांगून बघितलं, की एका खोलीत माइक लावले की एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात जातो, नंतर काही दुरुस्त करता येत नाही. तो म्हणाला, नको करू दुरुस्त.

त्या गाण्यात उत्तरार्धात एक वरचा सूर होता. काळी एक घेऊनही तो त्याच्यासाठी उंचच. तालमीत तो तिथं गायचाच नाही, तेवढा शब्द बोलून पुढे जायचा. मी मनात धरून चाललो होतो, की हा बोललेला शब्दच आल्बमवर जाणार.

त्या सकाळी पाऊस नव्हता. पहिला टेक बरा झाला. दुसऱ्याला ती जागा आली आणि तो बोलला नाही. खालून हळूहळू चढत गेला. आवाजात खरखर होती, सूर कापत होता, मध्ये एकदा गेलाच असं वाटलं. आणि मग तो त्या सुरावर जाऊन टेकला आणि तिथं राहिला. खाली बुवांचं बोट त्याच सुरावर होतं.

“व्वा!” बुवा म्हणाले.

मोठ्यानं नाही. देवळात म्हणतात तसंच, आतून आलेलं. शाबी धंद्यातला माणूस. तो थांबला नाही, गाणं शेवटापर्यंत नेलं. शेवटची तार विझेपर्यंत मी गप्प राहिलो आणि मग हेडफोन काढून जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बुवांनी ऑर्गनवर कापड ओढलं, टोपी घेतली आणि व्हरांड्यात जाऊन बसले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

शाबी म्हणाला, परत घेऊ. बुवांना आत बोलावलं. या खेपेला तो सूर अर्ध्यावर फुटला. पुढच्या खेपेला तिथवर पोचलाच नाही. त्यानंतर खोकला लागला तो थांबेना, आणि रोहिणी दार उघडून आत आली.

“बाबा, बास. आता एक शब्द नाही.”

त्यानं तिच्याकडे बघून मान हलवली. तो सूर आता पुन्हा लागणार नव्हता, हे त्या मान हलवण्यात आलं. मला त्या क्षणी बुवांचा इतका राग आला, की त्यांच्याकडे बघवेना.

मी ते दुरुस्त करायला बसलो. बुवांची दाद शाबीच्या माइकात गेली होती, गिटारीच्या माइकात गेली होती, ऑर्गनच्या तर गेलीच होती. आमटीत जास्त पडलेलं मीठ काढण्याचा प्रकार. ती कापली की सूरही कापला जाई. पहिल्या टेकमधला बोललेला शब्द आणून चिकटवला तर जोड दिसे. रोहिणी माझ्या पाठीशी उभी होती.

“काका, नाहीच निघणार?”

“निघेल, पण सूर घेऊन निघेल. पहिला टेक वापरू. त्यात दोष नाही.”

“दोष नाही, पण त्यात बाबा पण नाहीत,” ती म्हणाली.

शाबी मागे सोफ्यावर बसून ऐकत होता. त्यानं बोट वर करून पुन्हा लावायला सांगितलं. ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग उठला आणि पुन्हा व्हरांड्यात जाऊन बसलेल्या बुवांकडे गेला. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. बोलू नको म्हणून सांगितलेला माणूस हळू आवाजात बोलत होता.

“बुवा, तुमका शब्द कळले?”

“एक कळूंक नाय, बाबा. पुण तू खंय जातंस तां कळला. पोचतलंस काय नाय, माका भंय दिसलो. पोचलंस, मगे तोंडातसून गेलां. चुकलां माजां.”

“चुकूंक नाय. हॉटेलात मी गाय होतंय तेवां लोक जेवत. मैदानात गायलंय, थंय लोक पयल्यापासून बोंबलत. सूर लागलो काय सुटलो, कोणाक कळणा नाय. इतक्या वर्सांत बरोबर जाग्यार कोण बोललो नाय.” मग तो दाराकडे वळून मला म्हणाला, “विनू, तां रवांदे.”

विनू म्हणजे मी. मी हुज्जत घातली. माझ्या स्टुडिओतून दाद असलेलं गाणं कधी बाहेर गेलेलं नाही, लोक हसतील, मुंबईवाले म्हणतील या गावठी माणसाला साधं काम येत नाही. शाबीनं मला बोलू दिलं. मग दारावरच्या गुलाबांच्या बोर्डाकडे बोट दाखवलं आणि हसला. मालक तो. ठेवलं.

चवथ झाली आणि ऑपरेशनही झालं. गाठ गेली. जखम भरल्यावर डॉक्टर म्हणाले, आता आवाज काढायचा प्रयत्न करा, थोडा येईल, सवयीनं वाढेल. शाबीनं प्रयत्न केलाच नाही. हरमलच्या घरी तो खुणांनी बोलायचा, नाहीतर पाटीवर लिहायचा. रोहिणी फोनवर म्हणाली, “काका, त्यांना वाटतं जे निघेल ते ऐकवणार नाही. म्हणून ते काही काढतच नाहीत. माझं नावसुद्धा नाही.” हे सांगताना ती रडली. मी आल्बमची मिसळणी कुठवर आली ते सांगत बसलो.

आल्बम आला. फार गाजला नाही. ज्यांची कॉलेजं संपून जमाना झाला अशा लोकांनी ऐकला. मुंबईहून एकाचा फोन आला आणि त्यानं बाकी काही न विचारता विचारलं, शेवटच्या गाण्यातलं ते ‘व्वा’ कुणाचं? मी म्हटलं, आमच्या पार्शाच्या बुवांचं. तो म्हणाला, मीही घरात ऐकताना तिथंच ‘व्वा’ म्हणालो होतो. आयुष्यभर जे केरात टाकलं त्याची अशी चौकशी झालेली ऐकून मला जरा चमत्कारिक वाटलं.

मोपाच्या पठारावरच्या नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागली तोवर मी धंदा आवरायला घेतला होता. शेवटचं काम म्हणून वासुदेवबुवांचे अभंग करायचे ठरवले. बुवा आता काळी एकवर आले होते. रोहिणी शाबीला घेऊन आली आणि मी त्याला बुवांच्या समोरच खुर्ची दिली. मुक्या माणसाची धास्ती कशाला धरायची?

बुवा डोळे मिटून गात होते. अंतऱ्यात एके ठिकाणी त्यांनी सूर असा काही वळवून आणला, की माझी मान आपोआप हलली. त्याच वेळी खोलीत काहीतरी झालं. नुसती हवा, खरखर, त्यात कुठं तरी सुराचा एक धागा. मी काचेतून बघितलं. शाबीचा हात वर गेलेला होता आणि तोंड अर्धवट उघडं होतं. शेजारी रोहिणी दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती.

सवयीनं माझं बोट बंद करायच्या बटणावर गेलं. मी ते दाबलं नाही.

बुवांनी अभंग पुरा केला, ऑर्गनच्या भात्यावरचा पाय काढला आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

“विन्या, रेकॉर्ड झाला मां?”

“झाला, बुवा. अभंग छान झाला.”

“अभंग रवांदे मरे,” बुवा म्हणाले. “शाबी बोललो, तां.”